करडाच्या पुस्तकातली आगगाडी

जवळ ये गं जरा. तू तिकडं पुण्यात आणि मी इथं नाशकात, तरी म्हणते जवळ ये. मनानं तरी सरकून बस. तुला रागवायचंय मला. फार नाही, थोडंच. परवा फोनवर मी ऐकलं हो सगळं. तुझं पोरगं मागं "पुन्हा ते पान, पुन्हा ते पान" करत होतं आणि तू त्याच्या हातातलं चित्रांचं पुस्तक ओढून घेतलंस. "किती वेळा तेच तेच! चित्रं काय बघत बसतोस, अक्षरं वाच," असं म्हणालीस. पोरगं रडलं. मी काही बोलायला लागले तर "हो आजी, बरोबर आहे आजी" करून तू फोनच ठेवून दिलास. माझं वाक्य अर्धं राहिलं. ते पुरं करायला मला आता एवढं लिहावं लागतंय बघ. बोटं दुखतात, तरी लिहिते.

चित्रांच्या पुस्तकाला नुसतं पोराटोरांचं म्हणू नकोस बाई. आपल्या घरातलं एक म्हातारं माणूस त्या पुस्तकाच्या बळावर परत माणसात आलं. आणि मी त्यातून काय शिकले ते सांगते. पण आधी मला सगळं नीट सांगू दे, मध्ये तोंड घालू नकोस.

तुझी आई तेव्हा शाळेच्या आधीच्या वयाची. आणीबाणी नुकतीच उठली होती. आम्ही इथंच नाशकात सातपूरला, कामगारांच्या वसाहतीत दोन खोल्यांत राहायचो. तुझे आजोबा कारखान्यात लेथवर. त्यांची पाळी बदलली की आमच्या घराची सकाळ-संध्याकाळ बदलायची. पहिल्या पाळीला अंधारात डबा, दुसऱ्या पाळीला दुपारचं जेवण लवकर, आणि तिसरी पाळी असली की दिवसभर पोरीला "हळू बोल, बाबा झोपलेत" म्हणत बसायचं. तुझी आई हळू बोलणाऱ्यातली नव्हतीच. अजून तरी कुठं आहे?

माझे सासरे, म्हणजे तुझ्या आईचे आजोबा, त्यांना सगळी दुनिया आबा म्हणायची. त्यांचा जन्म गेला मनमाडला, रेल्वेत. रुळांच्या कडेला उंचावर काचेच्या खिडक्यांची खोली, केबिन, असते ना, तिथं उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना वाट करून द्यायची, हे त्यांचं काम. मी लग्न होऊन त्यांच्या क्वार्टरात गेले तेव्हा क्वार्टर रुळाला एवढं चिकटून की गाडी गेली की फळीवरचे पेले वाजायचे. आबा जेवायला बसले आणि गाडी आली की त्यांचा हात थांबायचा. घास हातात, मान खिडकीकडं. गाडी सगळी पुढं निघून जायची, मग ते हळूच म्हणायचे, "गेली." आणि मग घास तोंडात. मी नवी नवरी, वाढायला उभी. मला वाटायचं, भाजीत मीठ जास्त पडलं की काय! सासूबाई म्हणायच्या, "तू वाढ गं. त्यांची सवयच हाय ती. माझ्या लग्नातबी अक्षता हातात धरून गाडी बघत हुते."

मी दुसरीपर्यंत शिकलेली. तेवढंही पुढं विसरून गेले होते. अक्षरं ओळखू यायची, पण त्यांचा शब्द व्हायचा नाही. घरात कुणी हसण्यावारी मला अडाणी म्हटलं की आबा लगेच म्हणायचे, "अडाणी नाय ती. तिची गाडी जरा लेट हाय." आमच्या आबांचा शिक्षणावर जीव. संध्याकाळी पेपर मोठ्यानं वाचायचे, सगळ्या घराला ऐकू जाईल असा. मी भाकरी थापत ऐकायची. माझं तेवढंच शिक्षण चालू होतं म्हण ना.

अशा माणसाच्या अंगावरून वारं गेलं. रिटायर होऊन फार दिवसही झाले नव्हते. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि वाचा गेली. मनमाडहून त्यांना इथं सिव्हिलमध्ये आणलं. तिथून आमच्याकडं. मोठे भाऊजी, म्हणजे तुझ्या आजोबांचे थोरले भाऊ, तेही रेल्वेतच. त्यांची नोकरी मनमाडला आणि दवाखाना इथं, म्हणून त्यांनी सासूबाईंनाही आमच्याकडंच ठेवलं. डॉक्टर भले माणूस. ते म्हणाले, "बोलत राहा त्यांच्याशी. काही येईल परत, काही येणार नाही. आत्ताच सांगता येत नाही."

आता गंमत ऐक. आबांची सगळी भाषा गेली आणि एक शब्द तेवढा शाबूत राहिला. कुठला? "च्यायला." ज्या माणसानं उभ्या जन्मात बायकापोरांसमोर शिवी उच्चारली नाही, त्याच्या तोंडात देवानं तेवढंच ठेवलं. पाणी हवं, "च्यायला." पाय दुखतो, "च्यायला." डॉक्टरांचे आभार मानायचे, तरी हात छातीशी नेऊन मोठ्या मायेनं, "च्यायला." सासूबाई पदर तोंडाला लावायच्या. हसत होत्या की रडत होत्या ते त्यांनाच माहीत.

भेटायला येणारी माणसं मात्र तऱ्हेवाईक. आबा समोर बसलेले आणि विचारायचं मला, "कसे आहेत आबा?" कुणी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडायचं, जणू ते बहिरे झालेत. कुणी त्यांच्या तोंडाकडं बघत बसायचं, आता काय पडतं तोंडातून म्हणून. आबांनी तोंड उघडलं की चार जणांनी चार शब्द पुढं करायचे, "पाणी? चहा? झोपायचंय? पाय चेपू?" आणि आबांनी दमून डोळे मिटायचे. मी पण त्यातलीच. मलाही वाटायचं, आपण भरभर विचारलं म्हणजे त्यांना सोपं जातं.

मग एका रविवारी भाऊजी आले. चहा पिता पिता, आबांच्या देखत, तुझ्या आजोबांना म्हणाले, "काय उपेग हाय सांग? तुमची शहरात वढाताण. मी नेतो त्यांना मनमाडला. मागच्या खोलीत खाट टाकू. पडून राहतील. माणूस तर गेल्यातच जमा."

भाऊजी वाईट नव्हते गं. बापाला असं बघवत नव्हतं त्यांना. पण मी आबांकडं बघितलं. आबांना सगळं कळलं होतं. त्यांनी मान भिंतीकडं फिरवली. ज्या माणसानं मला कधी अडाणी म्हणू दिलं नाही, त्याला आता 'गेल्यात जमा' म्हणायचं? मी पदर खोचून म्हटलं, "भाऊजी, उन्हाळाभर राहू द्या इथं. काही फरक नाही पडला तर न्या." मोठ्या दिराला उलट बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. सासूबाईंच्या हातातली बशी तशीच राहिली.

बोलून तर बसले. पण करायचं काय, ते मला काही ठाऊक नव्हतं.

ते ठाऊक होतं तुझ्या आईला. म्हणजे तिला काही ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच तिला जमलं.

घरात सगळा वेळ आबांचा चाललेला, पोर किरकिर करायला लागली, म्हणून तुझ्या आजोबांनी पगाराच्या दिवशी येताना तिला एक चित्रांचं पुस्तक आणलं. पातळसं, मध्ये दोन पिना मारलेलं, रंगाचा वास येणारं. त्यात एक करडू. आई बाजारात हरवते आणि ते करडू तिला शोधत निघतं. एका पानावर कावळा, एका पानावर गाढव, एका पानावर म्हातारी, एका पानावर आगगाडी. प्रत्येकाला ते विचारतं, "माझी आई बघितली का?" पानावर एक चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत एकदोन ओळी. बस.

आता ते वाचून कोण दाखवणार? तिचे बाबा कामावर. मला धड वाचता येत नाही. घरात वाचणारा माणूस म्हणजे आबा. पोरीच्या हिशेबानं तर सगळ्या घरात आबाच तेवढे रिकामे. गेली पुस्तक घेऊन आणि बसली त्यांच्या डाव्या कुशीला टेकून. "आबा, वाचा."

मी तिला हाकलायला उठलेच होते. आबांनी डाव्या हातानं मला थांबवलं.

त्यांनी चित्राकडं बघितलं. बराच वेळ. ओठ हलवले. आणि म्हणाले, "च्यायला."

पोरगी मोठ्यानं म्हणाली, "नाही हो आबा! च्यायला नाहीये तो, कावळा आहे. हा बघा, चोच. म्हणा."

आबा हसले. वारं गेल्यानंतर पहिल्यांदा. अर्धंच तोंड हसलं, पण हसले.

मग रोज दुपारी तेच. मी कोपऱ्यात काहीतरी निवडत बसायची आणि बघायची. तुझी आई काय करायची सांगू? एक चित्र. त्यावर बोट. एक शब्द. आणि मग गप्प बसायची. तोंडाची टकळी कधी न थांबवणारी पोर, पण पुस्तक हातात असलं की गप्प. कारण तिला माहीत होतं, आबांचं झाल्याशिवाय पान उलटायचं नसतं. आधी आम्ही मनमाडला गेलो की आबा तिला पेपरातली चित्रं दाखवायचे, तेव्हा तिच्यासाठी असेच थांबायचे. आता तिनं थांबायचं. तिच्या तोंडावर कीव नव्हती की घाई नव्हती. आबा चुकले तर ती म्हणायची, "चुकलं," आणि लगेच, "पुन्हा." आणि त्याच त्याच पानाचा तिला कंटाळा यायचा नाही. काल बघितलेला कावळा आज पुन्हा बघताना तिचे डोळे तेवढेच मोठे व्हायचे. आपल्याला येईल का गं असं? एखादं माणूस तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला लागलं की आपण लगेच म्हणतो, "सांगितलंय हे."

आणखी एक माझ्या लक्षात आलं. भेटायला येणारे आबांच्या समोर बसायचे, परीक्षा घ्यायला बसल्यासारखे. ही त्यांच्या शेजारी बसायची. दोघांची तोंडं पुस्तकाकडं. कुणी कुणाकडं रोखून बघत नाही. मग चुकण्याची लाज कुणाला वाटणार?

मी चोरून शिकायला लागले. चहाचा कप घेऊन शेजारी बसायचं. समोर नाही, शेजारी. कप दाखवायचा. "चहा?" आणि थांबायचं. सुरुवातीला जीव टांगणीला लागायचा, तोंडातून "की पाणी" निघायला बघायचं. ओठ चावून थांबायची. आणि आबा मान हलवायचे! हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. एवढे दिवस आम्ही त्यांच्या अंगावर अख्खं पुस्तक एकदम फेकत होतो, त्यांना हवं होतं एक पान.

पहिला आवाज आला तो कावळ्याचा. शब्द नाही, नुसतं "काव." लहान मुलांचंही तसंच असतं ना, आधी भूभू, मग कुत्रा. आबा म्हणाले "काव," पोरगी म्हणाली "काव काव," आबा म्हणाले "काव काव." सासूबाई मोरीतून धावत आल्या. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आगं बया! एवढा संसार केला, एवढी पोरं वाढवली, आन् नवरा मला आता काव काव करून दाखवतुया!" आणि खाली बसून पदरात तोंड घालून रडल्या. आबा त्यांच्याकडं बघून मुद्दाम पुन्हा, "काव." खट्याळ माणूस. आत तो होताच की. गेला कुठं होता?

गाढव आलं, म्हातारी आली. अर्धे मुर्धे शब्द. आणि मग आगगाडीचं पान आलं आणि सगळं अडलं.

त्या पानावर छान गाडी होती. काळं इंजिन, वर धूर, मागं रंगीत डबे, खाली करडू मान वर करून विचारतंय. मला वाटलं होतं, जन्म रेल्वेत गेलेला माणूस, हे पान बघून खूश होईल. पण आबांनी ते पान बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी डावा पंजा पानावर दाबून धरला. पोरगी पान उलटायला गेली तर उलटू देईनात. "च्यायला! च्यायला!" आवाज चढला, मान हलायला लागली, तोंडातून लाळ. पोर घाबरून माझ्या मागं लपली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. कावळा बरा, गाढव बरं, गाडी आली की आबा पेटायचे. सासूबाई म्हणाल्या, "मनमाडची आठवन येती त्यांना. नका दावू गाडी." तुझे आजोबा दुसऱ्या पाळीहून दमून आले होते, ते म्हणाले, "ते पान चिकटवून टाक खळीनं. जाऊ दे करडू म्हातारीवरून पुढच्या पानावर." मी खळ काढलीही होती. पण पोरगी रडली, "मग करडू आईला कसं भेटणार?" आणि तिचं बरोबरच होतं. मधलं पान बंद केलं तर गोष्ट पुढं जाते कशी? मी खळ ठेवून दिली.

तेवढ्यात भाऊजी आले. उन्हाळा उतरायला लागला होता, ठरल्याप्रमाणे आबांना न्यायला. आले तेव्हा दुपार होती. मी दारातल्या उन्हात सूप घेऊन लाल मिरच्यांचे देठ काढत होते, आणि आत आबांच्या मांडीवर तेच पान. "च्यायला! च्यायला!" भाऊजी दारातच थांबले. त्यांचा चेहरा पडला. मला हळूच म्हणाले, "वहिनी, वाचा गेली हुती तवर ठीक हुतं. आता डोकंबी गेलं. एका चित्रावर एवढा राग करतं का शहाणं मानूस? आज नेतो मी."

डोकं गेलं असेल तर माझं सगळं थांबणं, एक एक पान, सगळंच वाया. मी सूप तसंच घेऊन आबांच्या शेजारी जाऊन बसले. समोर नाही, शेजारी. आणि ठरवलं, आबांकडं बघायचंच नाही. ते जिकडं बघतात तिकडं बघायचं.

पुस्तकात बघितलं. बोट ठेवलं इंजिनावर. "हे?" आबांनी मान हलवली, नाही. धूर? नाही. करडू? नाही. पहिला डबा, नाही. मी एक एक डबा पुढं सरकत गेले, प्रत्येकावर थांबत. शेवटच्या डब्यावर बोट आलं आणि आबांनी माझं बोट घट्ट धरलं. असं धरलं की दुखलं.

"हा डबा?"

नाही. बोट आणखी मागं ओढलं. डब्याच्या पाठीवर, जिथं गाडी संपते तिथं. तिथं तर काहीच नव्हतं, कोरा कागद.

मी म्हटलं, "इथं काही नाही आबा." आणि म्हणता म्हणता माझं मलाच ऐकू आलं. मग विचारलं, "इथं काही नाही, म्हणून?"

आबांनी डोळे मिटले आणि मान हलवली. हो. हो. हो. मग त्यांचा डावा हात माझ्या सुपात गेला. त्यांनी एक लाल मिरची उचलली आणि गाडीच्या शेपटीला, अगदी टोकाला, नेऊन ठेवली. ओठ थरथरले. आम्ही कुणी शब्द पुढं केला नाही.

"दि...वा," आबा म्हणाले.

भाऊजींच्या हातातली पिशवी खाली पडली. "आरं देवा," ते म्हणाले, "शेवटचा दिवा!"

आम्हाला काही कळेना. भाऊजी खाली फरशीवर बसले आणि सांगायला लागले. म्हणाले, "वहिनी, गाडीच्या शेवटच्या डब्याच्या पाठीला लाल दिवा असतो. दिवसा लाल पाटी. केबिनवाल्यानं ती बघायचीच. ती दिसली म्हंजी गाडी पुरी आली. नाय दिसली म्हंजी मागचे डबे तुटून वाटंत कुठंतरी राहिले, आन् मागून दुसरी गाडी येत असंल तर काय हुईल? म्हनून दिवा बघितल्याबिगर पुढचं काम करायचंच नाय. जेवताना घास धरून बसायचे ना आबा? त्येच्यापायी. या चित्रातल्या गाडीला दिवाच नाय. मग आबा पान कसं उलटू देतील? डोकं कुठं गेलंय वहिनी, मानूस ड्यूटीवर हाय!"

आणि भाऊजींनी, एवढ्या मोठ्या माणसानं, आबांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. आबा डाव्या हातानं त्यांच्या केसांत बोटं फिरवत म्हणाले, "च्यायला." त्या दिवशी तो शब्द मला शिवी वाटलाच नाही.

एवढ्यात तुझी आई उठली. फडताळातली माझ्या कुंकवाची डबी उघडली, बोट बुडवलं आणि आली. मिरची बाजूला केली आणि गाडीच्या शेपटीला लाल ठिपका दिला. मोठा, जरा फिसकटलेला. आबांनी वाकून बघितलं. पंजा जरासा पानावर टेकवला आणि उचलला.

"गेली," ते म्हणाले. स्पष्ट. मनमाडच्या क्वार्टरात म्हणायचे तसं.

आणि पोरीनं पान उलटलं.

आबांना त्या दिवशी मनमाडला नेलं नाही. नंतरही नाही. भाऊजीच दर रविवारी इकडं यायला लागले, आणि येताना पोरीला नवं पुस्तक आणायचे, त्यात आधी गाडी शोधायचे.

आबा पहिल्यासारखे बोलले का? नाही, खोटं कशाला सांगू. पेपर मोठ्यानं वाचणं गेलं ते गेलंच. पण घरचं सगळं बोलायचे, तुटक तुटक. आणि दुपारी आमच्या दारात वसाहतीतली पोरं जमायला लागली. मी पुस्तक धरायची, आबा बोट ठेवायचे, पोरं शब्द सांगायची. त्या मोठ्या अक्षरांखाली बोट फिरवता फिरवता एक दिवस माझंही अक्षराला अक्षर जुळलं. 'माझी आई बघितली का?' हे मी आयुष्यात पहिल्यांदा अडखळल्याशिवाय वाचलेलं वाक्य. आबा म्हणाले, "गाडी... आली." लेट होती, पण आली.

पुढं ऐंशीनंतर आमच्या वसाहतीतल्या बुद्धविहाराच्या बाजूच्या खोलीत बालवाडी निघाली, तिथं शिकवायला बाई हवी होती. पाहायला आलेल्या बाईंनी मला शिक्षण विचारलं. मी म्हटलं, "दुसरी, आणि करडाचं एक पुस्तक." त्या हसल्या. म्हणाल्या, "वाचून दाखवा मुलांना." मी वाचायला बसले, गाडीचं पान आलं, ते दुसरंच पुस्तक होतं बरं का, आणि सगळी पोरं, आमच्या दारात बसून तयार झालेलीच ती, एका सुरात ओरडली, "बाई, दिवा कुठंय?" त्या बाई चकित! चार वर्षांची पोरं गाडीची शेपटी तपासतात, असं त्यांनी कुठं बघितलं असणार? मला घेतलं. आमच्या बालवाडीत पुढं एकही गाडी बिनदिव्याची राहिली नाही. सगळ्या पुस्तकांत लाल ठिपके. मला त्याचा लय अभिमान आहे, आणि लाज नाही वाटत सांगायला.

आणि घरातही ते मुरलं बघ. तुझे आजोबा कामावरून येऊन काही सांगायला लागले आणि मी मध्येच बोलले की म्हणायचे, "थांब गं, शेवटचा डबा यायचाय अजून." त्यांच्या कारखान्यात संप झाला तेव्हा ते दिवस दिवस गप्प बसायचे. बाकीच्या बायका नवऱ्यांना विचारून विचारून भंडावायच्या. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसायची, ते बघतात त्या भिंतीकडं बघत. कधीतरी ते आपणहून बोलायचे. मग मी दिवा दिसेपर्यंत तोंड उघडायची नाही. भांडणं झाली नाहीत असं नाही. पण अर्धी गाडी बघून कुणी पुढचा सिग्नल दिला नाही आमच्या घरात. तुझी आई तशीच वाढली, म्हणून तुझं सगळं ती शेवटपर्यंत ऐकून घेते. तू मात्र माझा फोन मध्येच ठेवतेस!

तर आता माझं वाक्य पुरं करते. तुझं पोरगं पुन्हा पुन्हा ज्या पानावर अडतंय ना, तिथं त्याला काहीतरी दिसत असेल, किंवा काहीतरी दिसत नसेल. पुस्तक ओढून घेऊ नकोस. त्याच्या शेजारी बस. बोट ठेव आणि थांब. विचार, "इथं काही नाही, म्हणून?" आणि मला सांग काय म्हणतो ते. मला फार उत्सुकता लागून राहिली आहे.

ते करडाचं पुस्तक माझ्या पेटीत आहे अजून. पिना गंजल्यात, कुंकवाचा ठिपका आता तपकिरी झालाय, पण गाडी पुरी आहे. त्याला बघायचं असेल तर त्याला आणि त्याचं ते पुस्तकही घेऊन ये. मिरच्या वाळत घातल्यात गच्चीवर. शनिवारी निघालात तरी चालेल. लवकर ये गं बाई, फोन ठेवायच्या आत ये.